गर्भाशयाची शस्त्रक्रिया : घराची आणि घरच्यांची तयारी

स्मरणिकेत धम्म, चळवळ आणि शिक्षण या विषयांवरील लेख दरवर्षी येतात व ते आलेच पाहिजेत. यंदा आम्ही मात्र थोडा वेगळा विषय निवडला आहे. हा विषय चारचौघांत बोलला जात नाही. “तिची पिशवी काढली” एवढेच शब्द बायाबायांत हळू आवाजात उच्चारले जातात. पुरुषमंडळी विषय निघताच उठून बाहेर जातात आणि मुलांना “आईला बरे नाही” यापलीकडे काही सांगितले जात नाही. परिणाम असा होतो की, बाई दवाखान्यातून घरी येते तेव्हा तिच्यासाठी घर तयार नसते. आठ-दहा दिवसांत टाके निघतात, शेजारीण म्हणते “आता काय, बरी झालीस की”, आणि ती माउली पुन्हा मोरीत बादल्या उचलू लागते.

डॉक्टरांचे काम एक-दोन तासांत आटोपते. त्यानंतरचे सहा आठवडे मात्र घरच्यांचे असतात. त्या सहा आठवड्यांची तयारी कशी करावी, हे सांगण्यासाठी हा लेखप्रपंच आहे.

शस्त्रक्रिया म्हणजे नेमके काय ?

गर्भाशय म्हणजेच गर्भपिशवी शरीरातून काढून टाकणे, ही ती शस्त्रक्रिया होय. ती तीन प्रकारे केली जाते. पहिल्या प्रकारात ओटीपोटावर छेद देतात, दुसऱ्यात योनीमार्गे पिशवी काढतात आणि तिसऱ्यात पोटावर लहान छिद्रे पाडून दुर्बिणीच्या साहाय्याने काढतात. पोटावर छेद दिला असेल तर दवाखान्यात साधारण तीन ते पाच दिवस राहावे लागते व पूर्ण बरे होण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. बाकीच्या दोन प्रकारांत बाई एक-दोन दिवसांत घरी येऊ शकते व लवकर हिंडूफिरू लागते. बाहेरून जखम दिसत नाही म्हणून आतली जखम लहान, असे मात्र समजू नये.

शस्त्रक्रियेनंतर मासिक पाळी येत नाही व गर्भधारणा होत नाही. पिशवीच्या दोन्ही बाजूंस असलेले अंडाशय ठेवले आहेत की काढले आहेत, हा प्रश्न डॉक्टरांना आवर्जून विचारावा. दोन्ही अंडाशय काढले असतील तर पाळी जाण्याच्या वयातील त्रास एकदम सुरू होतात. अंगातून गरम वाफा येणे, रात्री घाम सुटणे, झोप न लागणे असे त्रास होतात आणि पुढे हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. गर्भाशयाचे मुख ठेवले आहे की काढले आहे, हेही विचारून कागदावर लिहून घ्यावे. ते ठेवले असेल तर कर्करोगाची नियमित तपासणी पुढेही करावी लागते.

आधी एक प्रश्न : शस्त्रक्रिया खरोखर हवी आहे काय ?

तयारीची पहिली पायरी म्हणजे हा प्रश्न विचारणे. फायब्रॉइडच्या मोठ्या गाठी, औषधांनी न थांबणारा रक्तस्राव, अंग बाहेर येणे, कर्करोग अशा कारणांसाठी ही शस्त्रक्रिया आवश्यक ठरू शकते आणि ती केल्याने बाईचा जीव वाचतो किंवा वर्षानुवर्षांचा त्रास संपतो. परंतु केवळ अंगावरून पांढरे जाते म्हणून, किंवा “आता मुले झाली, पिशवीचा काय उपयोग, उद्या कॅन्सर होईल” अशी भीती घातली म्हणून पिशवी काढू नये.

आपल्याच राज्यात काय घडले ते आपण पाहिले आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांचा प्रश्न २०१९ साली चव्हाट्यावर आला. शासनाने नेमलेल्या समितीपुढे आलेल्या पाहणीत सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. त्यांत तरुण स्त्रियाही होत्या. पाळीच्या दिवसांत काम बुडाले तर मुकादमाकडून दंड होतो, म्हणून पाळीच नको, असा विचार करण्याची पाळी त्यांच्यावर आली. त्या स्त्रिया बहुतांशी भूमिहीन व मागास समाजांतील आहेत, हे आपण विसरता कामा नये. पुढे एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांना आळा घालणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत, असा आदेश दिला.

म्हणून सोनोग्राफीचा व तपासण्यांचा अहवाल हातात घ्यावा आणि शक्यतो सरकारी रुग्णालयातील दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचे मत घ्यावे. औषधांनी, गर्भाशयात बसवायच्या हॉर्मोनयुक्त साधनाने, किंवा फक्त गाठ काढून भागेल काय, हे विचारावे. असे विचारण्यात डॉक्टरांचा अपमान नाही. तपासून घ्या, मगच स्वीकारा, हीच तथागतांची शिकवण आहे.

कागद, पैसा आणि रजा

बँकेच्या काउंटरवर बसून आम्ही नेहमी एक दृश्य पाहतो. खाते एकट्या बाईच्या नावावर असते, बाई दवाखान्यात भरती असते आणि नवरा किंवा मुलगा पासबुक हातात धरून उभा असतो. सही जुळत नाही, पैसे मिळत नाहीत. हा प्रसंग टाळता येतो. भरती होण्यापूर्वी खाते संयुक्त करून ‘दोघांपैकी कोणीही एक’ अशी सूचना द्यावी व वारसाचे नामनिर्देशन करून घ्यावे. मुदत ठेव मोडावी लागणार असेल तर तेही आधीच करावे. तातडीच्या वेळी सावकाराकडे किंवा दागिन्यांकडे धाव घ्यावी लागू नये, एवढी रक्कम हाताशी असावी.

एका पिशवीत सर्व कागद एकत्र ठेवावेत : आधार कार्ड, शिधापत्रिका, जुने तपासणी अहवाल, रक्तगट, चालू औषधांची यादी, विमा असेल तर त्याचे कार्ड. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ कोणत्या रुग्णालयात व कोणत्या शस्त्रक्रियेस मिळतो, याची चौकशी योजनेतील रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राकडे करावी. कारखान्यात किंवा आस्थापनेत काम करणारी भगिनी कर्मचारी राज्य विमा योजनेत असेल आणि तिची वर्गणी नियमाप्रमाणे भरलेली असेल, तर आजारपणाच्या प्रमाणपत्रावर वेतनाच्या ७० टक्के रक्कम वर्षातून ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. हा तिचा हक्क आहे, तो कोणाचा उपकार नव्हे. रजेचा अर्ज करताना पंधरा दिवसांची नव्हे, डॉक्टर सांगतील तेवढी पूर्ण रजा मागावी.

रक्तस्रावामुळे पुष्कळ स्त्रियांचे हिमोग्लोबिन आधीच कमी असते. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या शस्त्रक्रियेपूर्वी नेमाने घ्याव्यात. मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करणारी गोळी यांपैकी काहीही असल्यास ते लपवू नये. तंबाखू व मिश्री यांची सवय असेल तर ती बंद करावी. त्यामुळे जखम भरण्यास विलंब लागतो.

घराची तयारी

एक साधा नियम लक्षात ठेवावा. पहिले सहा आठवडे चार-पाच किलोंपेक्षा जड काहीही उचलायचे नाही. आता आपल्या घरातील वस्तू या नियमाने मोजून पाहा. पंधरा लिटरची पाण्याने भरलेली बादली पंधरा किलोंची होते. घरगुती गॅसच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो आणि टाकीचे वजन धरून ती तीस किलोंच्या आसपास जाते. ओले धुणे, भरलेला मोठा कुकर, पिठाचा डबा, कडेवर येणारे नातवंड, हे सगळे त्या नियमात बसत नाही. जड उचलले की पोटात दाब वाढतो व आतल्या टाक्यांवर ताण येतो.

त्यामुळे पुढील व्यवस्था आधीच करून ठेवावी.

१) झोपण्यासाठी खाट किंवा दिवाण असावा. जमिनीवरील अंथरुणातून उठताना पोटावर ताण येतो. उठताना सरळ न उठता कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हातांच्या आधाराने उठावे. माळ्यावर झोपण्याची सवय असल्यास ती काही दिवस बंद ठेवावी.

२) उकिडवे बसण्याचा त्रास होतो. घरी भारतीय पद्धतीचे शौचालय असेल तर कमोड खुर्ची आणावी. ती भाड्यानेही मिळते. चाळीत सामाईक शौचालय असेल तर सोबत कोण जाणार, हे ठरवून ठेवावे.

३) मोरीत बसून अंघोळ करण्यासाठी उंच स्टूल ठेवावे व मोरीची फरशी घासून निसरडेपणा काढावा. पाणी दुसऱ्याने काढून द्यावे.

४) रोज लागणारी भांडी, डबे व औषधे ओट्यावर कमरेच्या उंचीवर मांडावीत. वाकावे लागू नये आणि हात ताणावा लागू नये.

५) खाटेजवळ पाण्याची बाटली, फोन, दिवा, औषधे आणि एक घट्ट उशी असावी. खोकला, शिंक किंवा हसू आले की ती उशी पोटाशी धरावी, दुखणे कमी होते. घरी येताना रिक्षात किंवा गाडीतही ती उशी सोबत न्यावी.

६) सॅनिटरी पॅड, सैल सुती गाऊन व परकर आधीच आणून ठेवावेत. नाडी जखमेवर घट्ट बसू नये.

७) डाळ, तांदूळ, पीठ, तिखट-मसाला महिनाभराचा भरून ठेवावा. गॅसची दुसरी टाकी भरलेली असावी.

घरच्यांची तयारी

घर मांडणे सोपे, पण घरच्यांचे मन तयार करणे अवघड असते. शस्त्रक्रियेच्या आठ दिवस आधी सर्वांनी एकत्र बसावे. आई सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत जी कामे करते, त्यांची यादी तिलाच सांगायला लावून मुलाने किंवा मुलीने कागदावर लिहावी. नळाला पाणी येते त्या वेळी ते कोण भरणार ? धुणे कोण पिळणार ? भाकऱ्या कोण थापणार, की चपात्या बाहेरून आणायच्या ? सासूबाईंची गोळी कोण देणार ? धाकट्याला शाळेत कोण सोडणार ? प्रत्येक कामापुढे एक नाव असलेच पाहिजे. यादी पूर्ण झाल्यावर ती कागदावर किती लांब झाली, तेही सर्वांनी पाहावे.

विद्यार्थी मित्रांना येथे एक विनंती करावीशी वाटते. ही सर्व कामे बहिणीच्या वाट्याला आणि दवाखान्याची फेरी भावाच्या वाट्याला, अशी वाटणी करू नका. दहावी-बारावीची मुलगीसुद्धा विद्यार्थिनीच असते. वरणभात लावणे, भांडी घासणे, फरशी पुसणे ही कामे मुलांना एका आठवड्यात येतात.

येथे आम्हांस विनयपिटकातील महावग्गामधील एका प्रसंगाची आठवण होते. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता आणि त्याच्याजवळ कोणीही नव्हते. तथागत आनंदासह तेथे आले. त्यांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी उचलून त्याला खाटेवर ठेवले. इतर भिक्खू याची सेवा का करीत नाहीत, असे विचारता उत्तर मिळाले की, हा भिक्खू कोणाच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून. त्यावर तथागतांनी भिक्खूंना सांगितले की, तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करील ? आजाऱ्याची सेवा ही आपलीच सेवा होय, असेही त्यांनी सुचविले.

त्या उत्तरात फार मोठा अर्थ आहे. बाई राबते तोवर घर तिच्या भोवती फिरते. सहा आठवडे ती ‘उपयोगी’ पडणार नसते, तेव्हा तिला काय मिळते, यावरून त्या घराचा धम्म ओळखावा.

तेथेच शुश्रूषा करणाऱ्याचे गुणही सांगितले आहेत. त्याने औषध नीट द्यावे, पथ्य-अपथ्य जाणावे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करावी, मलमूत्राची किळस करू नये आणि रुग्णाला धीर देणारे बोलावे. आजाऱ्याचेही गुण सांगितले आहेत. त्याने पथ्य पाळावे, औषध घ्यावे आणि दुखणे वाढले की कमी झाले, ते खरेखरे सांगावे. आपल्या भगिनी सर्व पाळतील, पण हे शेवटचे पाळत नाहीत. “काही नाही, बरी आहे” असे म्हणत दुखणे गिळतात. तसे करू नये.

सहा आठवड्यांचा क्रम

पहिला आठवडा विश्रांतीचा, परंतु अंथरुणाला खिळून राहण्याचा नव्हे. घरातल्या घरात दिवसातून चार-पाच वेळा थोडे चालावे. त्याने पायांत रक्ताची गाठ होण्याचा धोका कमी होतो व पोटातील वायू सरतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोटात वायू भरतात, त्यामुळे एक-दोन दिवस खांदा दुखू शकतो, घाबरू नये.

दुसऱ्या आठवड्यात बसून भाजी निवडणे, कपड्यांच्या घड्या घालणे इतपत कामे चालतात. याच सुमारास बाहेरचे टाके निघतात किंवा विरघळतात आणि येथेच सर्वांची फसगत होते. बाहेरची कातडी दहा-पंधरा दिवसांत सांधते. आतील टाके व स्नायू भरून येण्यास मात्र कित्येक आठवडे लागतात. टाके निघाले म्हणजे काम सुरू, हा समज सर्वांत घातक आहे.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ओट्याशी थोडा वेळ उभे राहून हलका स्वयंपाक करता येईल. चालण्याचे अंतर हळूहळू वाढवावे. विहारात वंदनेला जावेसे वाटले तर अवश्य जावे, पण खाली मांडी घालून न बसता खुर्चीवर बसावे. सहाव्या आठवड्याच्या सुमारास डॉक्टरांची तपासणी होते. त्यांनी सांगितल्यावरच जड काम, स्कूटर चालविणे व नोकरीवर हजर होणे ठरवावे. धुणीभांडी, झाडलोट, बांधकाम अशी अंगमेहनतीची कामे करणाऱ्या भगिनींनी दोन ते तीन महिन्यांची तजवीज ठेवावी.

आहार आणि गैरसमज

“पाणी पिऊ नकोस, पू होईल”, “भात-बटाटा खाऊ नकोस, टाके पिकतील” असे सल्ले देणारे घरोघर भेटतात. त्यांस आधार नाही. पू जंतुसंसर्गाने होतो, भाताने होत नाही. वेगळे पथ्य सांगितले नसेल तर पाणी भरपूर प्यावे. डाळ, उसळी, अंडी, दूध, मासे, पालेभाज्या, फळे खावीत. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये, कारण कुंथण्याने आतल्या टाक्यांवर ताण येतो. डॉक्टरांना विचारून इसबगोल घ्यावा. तुपातले लाडू दिवसातून चार खाऊन ताकद येत नाही, वजन वाढते. जखमेवर हळद, राख, तेल लावू नये व शेक देऊ नये.

ताबडतोब डॉक्टरांकडे न्यावे अशी लक्षणे

काही दिवस थोडे रक्त किंवा तपकिरी स्राव जाणे स्वाभाविक आहे. परंतु पुढीलपैकी काहीही आढळल्यास सकाळची वाट पाहू नये : १००.४ अंश फॅरनहाइट किंवा अधिक ताप, तासाभरात पॅड भिजेल इतका रक्तस्राव, घाण वासाचा स्राव, जखम लाल होणे, उघडणे किंवा तिच्यातून पू येणे, लघवी न होणे किंवा नकळत सतत गळणे, एका पायाची पोटरी सुजून दुखणे, छातीत दुखणे किंवा धाप लागणे, उलट्या न थांबणे. ही यादी मोठ्या अक्षरांत लिहून खाटेजवळच्या भिंतीवर लावावी. खाली डॉक्टरांचा फोन व रुग्णवाहिकेचा १०८ हा क्रमांक लिहावा.

मन आणि पती-पत्नी

शस्त्रक्रियेनंतर कित्येक जणींना कारण नसताना रडू येते. कोणी “आता ती रिकामी झाली” असे बोलून जाते व ते मनाला लागते. स्त्रीचे स्त्रीत्व एका अवयवात नसते. ती पूर्वी होती तशीच आई, पत्नी, कार्यकर्ती, माणूस असते. तिला बोलू द्यावे व शांतपणे ऐकावे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, झोप व भूक उडाली तर डॉक्टरांना सांगावे.

पतीने हेही जाणावे की, किमान सहा आठवडे व डॉक्टर तपासून सांगेपर्यंत शरीरसंबंध पूर्णपणे वर्ज्य आहे. योनीच्या वरच्या टोकास आतून टाके असतात, ते तुटले तर जिवावर बेतू शकते. नंतरही तिची इच्छा असेल तेव्हाच. जखम भरल्यावर वैवाहिक जीवन पूर्ववत होते. उलट दुखणे गेल्याने पुष्कळ जोडप्यांना ते अधिक सुखाचे होते.

संस्थेने काय करावे ?

आमच्या मते आपल्या संस्थेला तीन गोष्टी सहज करता येतील. एक, विहारात एक कमोड खुर्ची, एक वॉकर व एक उंच स्टूल ठेवून गरजू घरांना ते आळीपाळीने द्यावे. दोन, तरुणांच्या रक्तगटांची यादी करून ती अद्ययावत ठेवावी. तीन, शस्त्रक्रिया झालेल्या भगिनीच्या घरी पहिले दहा दिवस महिला मंडळाने व तरुणांनी पाळीपाळीने डबा पोहोचवावा. भेटायला जाणाऱ्यांनी रिकाम्या हाताने जाऊन चहाची अपेक्षा करण्यापेक्षा हे कितीतरी बरे. वर्षावासात ग्रंथवाचनानंतर एखाद्या स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांना बोलावून अर्धा तास या विषयावर मोकळी चर्चा ठेवावी आणि त्या चर्चेला पुरुषांनीही बसावे.

परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला, तेव्हा कष्टकरी स्त्रीला विश्रांती मिळणे ही राष्ट्राच्या हिताची बाब आहे, अशी भूमिका मांडली. पुढच्याच वर्षी, १९२९ मध्ये, मुंबई प्रांतात तो कायदा झाला. विश्रांती हा स्त्रीचा हक्क आहे, असे गिरणीमालकांना आणि सरकारला ठणकावून सांगणाऱ्या महामानवाचे आपण अनुयायी आहोत. तोच हक्क आपल्या घरातील स्त्रीला सहा आठवडे मिळवून देण्यासाठी कायद्याची गरज नाही. त्याकरिता एक कागद, एक खाट, भरलेल्या दोन बादल्या उचलणारे हात आणि मैत्रीचे मन एवढे पुरेसे आहे.

जय भीम ! नमो बुद्धाय !